विमानातली किरणमात्रा मोजताना: खानदेशातल्या नवख्यांसाठी

जळगावच्या विमानतळावरून उडताना खिशात गायगर काउंटर (किरणोत्सर्गाचे कण मोजणारे छोटे यंत्र) चालू ठेवला, तर काही मिनिटांतच त्यावरचा आकडा चढू लागतो. इथपर्यंत कुणालाही जमते. तो आकडा नेमका कशाचा, त्यात काय धरलेच गेले नाही आणि दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी तो ताडून पाहता येईल का, हे प्रश्न त्यानंतरचे. महाविद्यालयीन प्रकल्पांत माती होते ती इथेच. उपकरणातून आलेला असो की छापील निबंधातून उचललेला, ज्या आकड्याचे मूळ सांगता येत नाही तो वापरू नये. पुढची सगळी पद्धत याच नियमावर उभी आहे.

आधी थोडे भौतिक

अवकाशातून येणारे वेगवान कण, बहुतांशी प्रोटॉन, वातावरणाच्या वरच्या थरात हवेच्या अणूंवर आदळतात आणि त्यातून दुय्यम कणांचा वर्षाव होतो. जमिनीपर्यंत प्रामुख्याने म्यूऑन पोहोचतात. विमानाच्या उंचीवर इलेक्ट्रॉन, गॅमा, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असे सगळे भेटतात. हा मारा सर्वाधिक असतो तो साधारण १८ ते २० किलोमीटरवर. प्रवासी विमाने त्याच्या बरीच खाली उडतात.

व्हिक्टर हेस १९१२ साली फुग्यातून पाच किलोमीटरच्या थोडे वर गेला आणि वर जावे तसा किरणोत्सर्ग वाढतो हे त्याने दाखवले. १९३६ मध्ये त्याला नोबेल मिळाले ते याच कामासाठी. जळगावहून उडणारे एटीआर ७२ हे पंख्याचे विमान लहान पल्ल्यावर साधारण १६ ते २० हजार फुटांवर असते, म्हणजे जवळपास हेसच्याच उंचीवर. मुंबईहून सुटणारी जेट विमाने ३५ हजार फुटांच्या आसपास जातात. या दोन उंचींवरच्या मात्रांत, म्हणजे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मापात, कित्येक पटींचा फरक पडतो, म्हणून ‘विमानातली मात्रा’ असा एकच आकडा सांगता येत नाही.

अक्षांशाचेही तसेच. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कमी ऊर्जेच्या कणांना परतवून लावते आणि हा अडसर विषुववृत्ताकडे सर्वात भक्कम असतो. गिगाव्होल्ट हे त्या अडसराचे माप. खानदेशावर तो १५ गिगाव्होल्टच्या वर आहे, लंडनवर ३ च्या आसपास. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीच्या (अन्स्केअर) २००० सालच्या अहवालाप्रमाणे ८ किलोमीटर उंचीवर समशीतोष्ण अक्षांशांत मात्रेचा दर ताशी ३ मायक्रोसिव्हर्टपर्यंत (सिव्हर्ट हे मात्रेचे एकक, मायक्रो म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग) जातो, विषुववृत्ताजवळ मात्र १ ते १.५ इतकाच राहतो. १२ किलोमीटरवर दोन्ही साधारण दुप्पट होतात. युरोपातला आकडा उचलून मुंबई–दिल्ली फेरीला लावणारे निबंध इथेच घसरतात.

तिसरा घटक सूर्य. सौरडाग भरात असताना सूर्याकडून येणारा चुंबकीय प्रवाह बाहेरच्या कणांना अडवतो आणि मात्रा घटते. सूर्य शांत असला की ती वाढते. हे चक्र सुमारे ११ वर्षांचे आहे. मागचा नीचांक डिसेंबर २०१९ मधला. त्यामुळे आकड्याशेजारी निदान महिना आणि वर्ष लिहिलेले हवेच.

उपकरण: काय दिसते, काय निसटते

नवख्यांच्या हाती बहुधा एम४०११ किंवा एसबीएम-२० नळीचा छोटा काउंटर येतो. ही नळी कण मोजते, मात्रा मोजत नाही. पडद्यावरचा मायक्रोसिव्हर्टचा आकडा म्हणजे मिनिटाच्या काउंटला (सीपीएम) एका ठरावीक गुणकाने भागून काढलेले उत्तर. एम४०११ साठी तो गुणक सुमारे १५० धरतात, म्हणजे १५० सीपीएमला ताशी १ मायक्रोसिव्हर्ट. सेफकास्ट या नागरिकांच्या किरणमापन प्रकल्पाच्या बीगायगी नॅनो यंत्रात एलएनडी ७३१७ ही मोठी चपटी नळी असते आणि तिचा गुणक ३३४ आहे. हे गुणक सीझियम-१३७ च्या गॅमा किरणांवर ठरवलेले आहेत आणि विमानाच्या उंचीवरचे मिश्रण अगदी वेगळे असते. म्हणून नोंदवहीत पहिला रकाना नेहमी कच्च्या सीपीएमचा ठेवावा, मायक्रोसिव्हर्टचा त्यानंतर.

न्यूट्रॉन गायगर नळीला जवळपास दिसतच नाहीत. जेटच्या उंचीवर ‘परिणामी मात्रे’चा (इफेक्टिव्ह डोस, म्हणजे शरीरावरच्या परिणामाच्या हिशेबाने धरलेली मात्रा) साधारण निम्मा वाटा मात्र न्यूट्रॉनचाच असतो. मग आकडा सरळ दुप्पट करावा का? नाही. हे प्रमाण उंची आणि अक्षांशाप्रमाणे बदलते. सीझियम आयोडाइड स्फटिकाच्या खिशातल्या मोजणी यंत्रांचेही दुखणे असेच: अतिऊर्जावान कण त्यांच्या ऊर्जापट्टीच्या बाहेर पडतात. रुग्णालयातला टीएलडी बॅज (क्ष-किरण कर्मचारी लावतात तो मात्रा साठवणारा बिल्ला) विमानात नेण्याचा मोह होतो, पण तो मासिक-तिमाही मात्रेसाठी बनवलेला असतो. त्याची खालची मर्यादा मिलिसिव्हर्टच्या दहाव्या हिश्शाच्या घरात असते, त्यामुळे एका फेरीतून हाती काहीच लागत नाही.

जमिनीवरची तयारी

पहिली चाचणी पोटॅशच्या गोणीवर घ्या. केळीला घालतात ते म्युरेट ऑफ पोटॅश रावेर-यावलच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळते. त्यात पोटॅशियम-४० असल्याने किलोमागे सुमारे १५ हजार बेकेरेल (सेकंदाला एक अणुविघटन म्हणजे एक बेकेरेल) क्रियाशीलता असते. गोणीपासून दूर १० मिनिटे आणि गोणीला टेकवून १० मिनिटे काउंट मोजा. दोन बेरजांतला फरक, त्या दोन्हींच्या बेरजेच्या वर्गमुळाच्या तिपटीहून जास्त आला पाहिजे. २०० आणि ३२० काउंट आले तर फरक १२०, वर्गमूळ सुमारे २३, त्याची तिप्पट ६९. म्हणजे यंत्र जागेवर आहे. फरक निघालाच नाही तर वेळ अर्धा तास करून पुन्हा मोजा. मग कवच तपासा, कारण जाड प्लास्टिकमागची नळी बीटा कण अडवते.

(केळीचा घड का नको, हा प्रश्न या जिल्ह्यात हमखास येतो. केळ्यात किलोमागे जेमतेम १३० बेकेरेल असतात आणि सर्वसाधारण मातीत पोटॅशियमचेच ४०० च्या आसपास. केळीच्या ट्रकशेजारी उभे राहून काउंटर काही बोलणार नाही.)

दुसरी चाचणी घरातली. खानदेशाच्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे आणि त्यात युरेनियम, थोरियम, पोटॅशियम ग्रॅनाइटच्या मानाने कमी असते. म्हणून उघड्या रानात आकडा खालीच राहतो, तर स्वयंपाकघरात बाहेरून आणलेल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर तो किंचित चढू शकतो. ‘जमिनीवरचा आकडा’ ओट्यावर घ्यायचा नाही. अंगणात, जमिनीपासून १ मीटर उंचीवर, किमान तासभर घ्यायचा.

तिसरी चाचणी बहुतेक जण टाळतात, आणि खरी कामाची तीच. जमिनीतून येणारे गॅमा वगळून फक्त आकाशातून किती येते ते पाहायचे तर पाण्यावर जावे लागते, कारण खोल पाणी ते गॅमा अडवते. इटलीच्या डोमेनिको पाचिनीने १९११ मध्ये समुद्रावर हेच केले होते. हतनूर किंवा गिरणा धरणाच्या जलाशयात, परवानगी घेऊन आणि लाइफ जॅकेट घालून, काठापासून १०० मीटरहून लांब आणि दोन मीटरहून खोल पाण्यावर नाव स्थिर ठेवून अर्धा तास मोजा. इथे येतो तो आकाशातला वाटा आणि यंत्राचा स्वतःचा थोडा काउंट. हाच तुमच्या उंची–काउंट आलेखाचा पहिला बिंदू.

याचे कारण विमानात कळते. काही शे मीटर वर गेले की जमिनीतले गॅमा हवेतच जिरून जातात. तरीही पुष्कळ जण घरचा पार्श्वभूमी-काउंट विमानातल्या आकड्यातून वजा करतात. जे तिथे नाहीच ते वजा केल्यावर उत्तर चुकणारच. उड्डाणानंतर काउंट आधी थोडा उतरतो आणि मग चढतो, पण एटीआर मिनिटाला हजारभर फूट चढत असल्याने हा उतार एक-दोन मिनिटांत संपतो. काळ्या पाषाणावर तो मुळातच उथळ असतो. दिसला नाही तर यंत्राला दोष देऊ नका.

निघण्याआधी

यंत्राचे घड्याळ भारतीय वेळेवर लावा आणि तसे वहीत लिहून ठेवा. जीपीएसची आणि विमान-मागोवा संकेतस्थळांची नोंद बहुधा जागतिक वेळेत असते. साडेपाच तासांचा हा घोळ नंतर आलेखात असा दिसतो की विमान धावपट्टीवर उभे असताना मात्रा वाढलेली असते. नोंदीचा टप्पा एक मिनिटाचा ठेवा. आवाज आणि धोक्याचा भोंगा दोन्ही बंद करा. बंद केबिनमध्ये गायगरची टिकटिक शेजाऱ्याला धडकी भरवते आणि मोजणी तिथेच थांबते.

यंत्र हातसामानात न्या. पॉवर बँक तर हातसामानातच न्यावी लागते, आणि ती १०० वॅट-तासांपर्यंतची असावी. महाविद्यालयाच्या शीर्षपत्रावर यंत्राचे नाव, त्यात कोणताही किरणोत्सर्गी पदार्थ नसल्याचा उल्लेख आणि विभागप्रमुखांची सही असे पत्र जवळ ठेवा. सुरक्षा तपासणीत विचारले तर वाद न घालता पत्र आणि माहितीपुस्तिका पुढे करा, नाही म्हणाले तर मोजणी सोडून द्या. उपग्रहाशी संदेशवहन करणारे हातयंत्र भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही, म्हणून फक्त जीपीएस ग्रहण करणारेच घ्या. पुण्याला उतरत असाल तर तो हवाई दलाचा तळ आहे: फोटो नाही, आणि खिडकीचे झापड खाली करा म्हटले की करायचे.

सामान क्ष-किरण यंत्रातून जाताना यंत्र चालू असेल तर नोंदीत एक उंच सुळका येतो, किंवा नळी गुदमरून आकडा उलट पडतो. त्या मिनिटाची वेळ लिहून ठेवा. विश्लेषणात ती ओळ वगळायची असते, पण मूळ फाइलमधून पुसायची नसते.

विमानात

यंत्र एकाच जागी ठेवा, शर्टाच्या खिशात किंवा समोरच्या जाळीत. खिडकीजवळ बसल्याने मात्रा वाढते ही समजूत चुकीची आहे. इतक्या ऊर्जेच्या कणांना विमानाचा पत्रा काय अडवणार? खिडकीचा उपयोग जीपीएसला होतो, तेवढाच.

उंचीच्या बाबतीत एक सापळा आहे आणि त्यात हुशार मुलेही अडकतात. फोनमधला वायुदाबमापक केबिनचा दाब वाचतो, आणि केबिन दाबभरित असते. जेट ३५ हजार फुटांवर असतानाही तो ६ ते ८ हजार फूटच दाखवील. उंची जीपीएसवरून घ्या, नाहीतर उतरल्यावर विमान-मागोवा संकेतस्थळावरून. तिथली दाब-उंची खरे तर जास्त योग्य, कारण मात्रा ठरते ती डोक्यावर किती हवा आहे यावरून. मोफत खात्यात जुनी उड्डाणे लवकर दिसेनाशी होतात. त्याच आठवड्यात उतरवून घ्या.

वहीत पाच गोष्टी लिहा: चाके सुटल्याची वेळ, स्थिर उंचीला पोहोचल्याची वेळ, उंचीतला प्रत्येक बदल, खाली उतरू लागल्याची वेळ, चाके टेकल्याची वेळ. मोजणी यंत्र आपोआप करते; वही हवी ती नंतर काही जुळले नाही तर भांडण मिटवायला.

हिशेब

समजा मुंबई–दिल्ली फेरीत स्थिर उंचीवर १० मिनिटांत १,८०० काउंट आले. वर्गमूळ सुमारे ४२, म्हणजे अनिश्चितता २.४ टक्के. दर १८० सीपीएम, १५० ने भागून ताशी १.२ मायक्रोसिव्हर्ट. इथे २.४ टक्के ही फक्त मोजणीतली अनिश्चितता आहे. गुणकातली आणि न दिसलेल्या न्यूट्रॉनची चूक तिच्या कितीतरी पट मोठी असते. पडद्यावरची तीन दशांश स्थळे अहवालात उतरवणे म्हणजे स्वतःलाच फसवणे.

एटीआरच्या फेरीत स्थिर उंचीचा काळ थोडा आणि काउंट कमी. मिनिटाला ५० आले तर एका मिनिटाची अनिश्चितता १४ टक्के. अशा वेळी पाच-पाच मिनिटांच्या नोंदी एकत्र करा, पण विमान चढत असताना नको, कारण तेव्हा प्रत्येक मिनिटाची उंची वेगळी असते.

आता गणिती प्रतिमानाशी तुलना. जपानच्या अणुऊर्जा संस्थेतल्या तात्सुहिको सातो यांचा ‘एक्सपॅक्स’ एक्सेलमध्ये चालतो. तारीख, अक्षांश, रेखांश आणि उंची दिली की प्रत्येक कणाचा वाटा वेगळा मिळतो, म्हणून नवख्यांनी सुरुवात इथून करावी. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाचा ‘कारी-७’ संपूर्ण मार्गाची बेरीज करतो. त्याला विमानतळांचे चार अक्षरी संकेत (मुंबईचा व्हीएबीबी), महिना-वर्ष आणि कोणत्या उंचीवर किती मिनिटे हे लागते. जळगावचा विमानतळ यादीत सापडला नाही तर २१ अंश उत्तर, ७५.६ अंश पूर्व हे स्थान वापरा. उंची फुटांत की किलोमीटरमध्ये मागितली आहे ते दोनदा वाचा.

प्रतिमानाचे उत्तर तुमच्या गायगरपेक्षा मोठे येईल आणि तसेच यायला हवे: ते न्यूट्रॉनसह परिणामी मात्रा देते, तुमचे यंत्र न्यूट्रॉनविना सीझियम-समतुल्य. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले तर आनंद मानण्याआधी चूक शोधा.

घाबरायचे किती, हेही आकड्यानेच सांगावे. जळगाव–मुंबई एटीआर फेरीची मात्रा एका मायक्रोसिव्हर्टच्या आतच राहते. जमिनीवर नैसर्गिक किरणोत्सर्गाची जागतिक सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्ट. प्रश्न खरा आहे तो वर्षभर उडणाऱ्या कर्मचाऱ्यांचा, ज्यांची वार्षिक सरासरी साधारण २ ते ३ मिलिसिव्हर्ट भरते. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोग (आयसीआरपी) त्यांचा विचार व्यवसायातून मात्रा मिळणाऱ्यांमध्ये करतो. २०१६ चा त्यांचा अहवाल क्रमांक १३२ याच विषयावर आहे.

आधीचे काम: कोणी, केव्हा, कशाने मोजले

अहवालात तुलनेसाठी दुसऱ्यांचे आकडे लागतात आणि ते गोळा करायची एक शिस्त आहे. गुगल स्कॉलरवर ‘एअरक्रू’, ‘कॉस्मिक रेडिएशन’, ‘डोसिमेट्री’ हे शब्द इंग्रजीत घालून सुरुवात करा. या विषयाचे बरेच काम ‘रेडिएशन प्रोटेक्शन डोसिमेट्री’ या नियतकालिकात सापडते. भारतातले ‘रेडिएशन प्रोटेक्शन अँड एन्व्हायर्न्मेंट’ही चाळा. सशुल्क नियतकालिकांसाठी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’बद्दल विचारा. १ जानेवारी २०२५ पासून ही योजना सरकारी संस्थांसाठी सुरू आहे.

एक चांगला निबंध मिळाला की दोन दिशांनी जा. मागे, म्हणजे त्याने कोणाचा आधार घेतला. आणि पुढे, म्हणजे त्याचा आधार नंतर कोणी घेतला. युजीन गारफिल्डच्या १९६४ च्या सायन्स सायटेशन इंडेक्सने ही दुसरी वाट खुली केली. कुठलाही आकडा दिसला की मागे जात राहा, ज्याने प्रत्यक्ष मोजला त्याच्यापर्यंत. वाटेत ‘समतुल्य मात्रे’ची (इक्विव्हॅलंट डोस, मात्रेचा वेगळा प्रकार) ‘परिणामी मात्रा’ झालेली, ४० हजार फुटांचे ३० हजार झालेले किंवा वर्ष गळालेले आढळते. मूळ सापडले नाही तर आकडा सोडा. जास्त वेळा उद्धृत झालेला निबंध बरोबर असतोच असे नाही. कधी तो फक्त सोपा आणि मोफत असतो. मागे घेतलेले निबंध ओळखायला अशा निबंधांचा माग ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची यादी २०२३ पासून क्रॉसरेफ या निबंध-नोंदणी संस्थेमार्फत सर्वांना खुली आहे.

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक निबंधाला एक ओळ द्या: लेखक, वर्ष, डीओआय (निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक), उपकरण, मात्रेचा प्रकार, उंची, मार्ग, मोजणीचा महिना, उद्धरणांची संख्या आणि ती पाहिल्याची तारीख. ही शेवटची तारीख विसरू नका, संख्या रोज बदलते.

लेखकांची मोजणी करताना खानदेशात एक खास अडचण येते: पाटील. ‘पाटील एस.’ नावाखाली भौतिकशास्त्र, कृषी आणि औषधनिर्माणातले कितीतरी जण एकत्र येतात आणि एकाच माणसाची शेकडो उद्धरणे दिसू लागतात. चौधरी आणि महाजनांचेही तेच. लग्नानंतर आडनाव बदललेल्या लेखिकेचे उलट होते, एकीच्या दोघी होतात. संस्था, विषय आणि सहलेखक ताडून नावे वेगळी करा. ज्यांचा ऑर्किड हा संशोधकाचा १६ अंकी ओळखक्रमांक आहे तिथे तोच धरा. चार लेखकांचा निबंध प्रत्येकाला पूर्ण एक मोजायचा की पाव, हे आधी ठरवून लिहा. अर्ध्यात बदलले तर सगळी तुलना कोसळते. सहलेखकांचे जाळे काढायला लायडन विद्यापीठाचे व्हॉसव्ह्यूअर हे सॉफ्टवेअर मोफत मिळते, पण नावे साफ न करता काढलेले जाळे नुसती रांगोळी.

आणि तुमच्या अहवालावर कोणाची नावे? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा निकष इथेही चालतो: कामात भरीव वाटा, मसुद्यात लेखन किंवा सुधारणा, अंतिम मसुद्याला संमती आणि उत्तरदायित्वाची तयारी, हे चारही. यंत्र उसने देणाऱ्याचे, तिकीट काढून देणाऱ्याचे किंवा केवळ पद असलेल्याचे नाव आभारात जाते. नावांचा क्रम मोजणीला निघण्याआधी ठरवून कागदावर घ्या. नंतर ही चर्चा गोड राहत नाही.

कच्ची फाइल झेनोडोवर (संशोधनाच्या फाइली ठेवायचे संकेतस्थळ) चढवली की तिला स्वतःचा डीओआय मिळतो. सोबत नळीचा प्रकार, गुणक, वेळ-क्षेत्र, वगळलेल्या मिनिटांची यादी आणि वहीच्या पानांचे फोटो ठेवा. फाइलच्या नावात तारीख आणि मार्ग घाला, प्रवाशांची नावे आणि तिकिटाचा क्रमांक मात्र काढून टाका.